तेल वाढणारी गाडी

जगात सगळ्यांच्या गाड्यांचं तेल कमी होतं. माझ्या गाडीचं वाढायचं. हे वाक्य मी चारचौघांत पहिल्यांदा बोललो, तेव्हा धुळ्याच्या आमच्या कॉलनीत माझ्याकडे लोक ज्या नजरेनं बघू लागले, ती नजर मी अजून विसरलेलो नाही. मी शास्त्राचा शिक्षक आहे. शून्यातून काही निर्माण होत नाही, हे मी अठरा वर्षं आठवीच्या वर्गात घसा फोडून सांगत आलो आहे. आणि माझ्याच दारात, माझ्याच बॉनेटखाली, शून्यातून तेल निर्माण होत होतं!

गाडी म्हणजे पिकअप. पुढे दोघातिघांची जागा, मागे सामानाचा हौदा. हायवेवर पुलाचं काम करणाऱ्या एका जपानी कंपनीनं एक्क्याण्णव साली कॅम्प गुंडाळला आणि सामानाचा लिलाव केला. मी टेबलफॅन घ्यायला गेलो आणि पिकअप घेऊन आलो. ते कसं झालं हे माझ्या बायकोला, म्हणजे लताला, मी आजवर नीट समजावू शकलेलो नाही, त्यामुळे तुम्हीही विचारू नका. गाडी चांगली होती. बॉनेटची कडी तुटलेली होती म्हणून ते सुतळीनं बांधावं लागे, आणि तिला क्लच नव्हता, एवढंच. म्हणजे मोडला नव्हता, मुळातच नव्हता. तिचे गिअर आपोआप पडायचे. दांड्याशेजारी इंग्रजी अक्षरं होती: पी, आर, एन, डी. शेजारचे झुलालभाऊ चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पी म्हंजे पारोळा, डी म्हंजे धुळे. एन नेरी व्हई. पन ही गाडी रावेरले कसाले जास?"

ही गाडी मी हौसेसाठी घेतली असा प्रवाद आहे. तो खोटा आहे. मी ती मायसाठी घेतली. (हे कारण मला लिलावानंतर सुचलं हे खरं, पण सुचलं ते मनापासून.) माझी माय, मंजुळाबाई, हिचं माहेर पहूर. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी जातात आणि त्यांना न्यायला माहेरचा माणूस येतो, त्याला मुराळी म्हणतात. बावीस वर्षांपूर्वी एका आखाजीला मायचा धाकटा भाऊ, सुपडूमामा, मुराळी म्हणून आला नाही. पेरणीची तयारी आहे, एस.टी.नं ये, असा निरोप त्यानं पाठवला. झालं. माय म्हणाली, "भाऊ सोता घेवाले येई तवय जासू." मामा म्हणाला, "तिला वाट माहीत आहे." बावीस आखाज्या गेल्या. दर आखाजीला माय सकाळपासून ओट्यावर बसायची आणि दुपारी उठून भाकरी थापायला लागायची. ते बघून मला दरवर्षी भडभडून यायचं.

म्हणून गाडी दारात आल्याबरोबर मी म्हणालो, "माय, आता तुला मुराळी कशाला लागतो? स्वतःच्या लेकाच्या गाडीतून जा. मामाच्या दारात रुबाबात उतर." माय पदराशी चाळा करू लागली. सत्तरी उलटली होती तिची. मग हळू आवाजात म्हणाली, "बरं. येसू." मी चाटच पडलो. बावीस वर्षांचा हट्ट दोन शब्दांत संपला! लताच्या डोळ्यांत पाणी आलं. आखाजीला तीन महिने होते. त्या दिवशी गाडी पहूरला पोचणं, एवढंच मग माझ्या आयुष्याचं ध्येय राहिलं.

आणि तिसऱ्याच आठवड्यात गाडी घसरायला लागली.

घसरायला म्हणजे रस्त्यावरून नाही. पारोळा रोडला मी पाय दाबला. इंजिन असं गर्जलं की शेतातली माणसं उभी राहिली. गाडी मात्र जागची हलेना. मग जरा हलली, पण नवी नवरी उंबरठा ओलांडते त्या बेतानं. एक दूधवाला सायकलला चार कॅन लावून मला ओलांडून गेला, आणि पुढे जाऊन थांबला, आणि वळून म्हणाला, "सर, धक्का मारू का?" तो माझा माजी विद्यार्थी निघाला. भौतिकशास्त्रात मी त्याला नापास केलं होतं.

संध्याकाळी अंगणात सभा भरली. झुलालभाऊ तीस वर्षं एस.टी.चे ड्रायव्हर होते, तेव्हा अध्यक्षपद त्यांच्याकडे आपोआपच गेलं. ते म्हणाले, "क्लचप्लेट गई. लिखी देस."

"भाऊ, हिला क्लचच नाही."

"मंग तोच तं आजार शे!"

मी गाडीबरोबर मिळालेलं जपानी पुस्तक उघडून गिअरची आकृती दाखवली. आत तेल असतं, तेलाच्या दाबावर चकत्या एकमेकींना धरतात, पकड सुटली की इंजिन एकटंच फिरतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग झुलालभाऊ म्हणाले, मी चालवून बघतो. त्यांना नाही कोण म्हणणार? मी शेजारी बसलो. गाडी निघाली, जरा वेग आला, आणि तीस वर्षांच्या सवयीनं झुलालभाऊंचा डावा पाय क्लच दाबायला गेला. तिथं क्लच नव्हता. तिथं रुंद ब्रेक होता. मी काचेवर आदळलो. "ब्रेक कोनी मारं?" असं म्हणत त्यांनी पुन्हा गाडी काढली आणि पुन्हा क्लच दाबला. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत मी चार वेळा आदळलो. घरी आलो तेव्हा माझ्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ होतं, आणि झुलालभाऊ सगळ्यांना सांगत होते की गाडी फार झटके मारते.

तेवढ्यात कागदपत्रांचं निघालं. गाडी माझ्या नावावर व्हायची तर तपासणी हवी. कचेरीचं नाव घेत नाही, कारण मला त्या रस्त्यानं रोज शाळेत जायचं असतं. साहेब सज्जन होते. शेजारी बसले आणि म्हणाले, "गिअर बदलून दाखवा."

"तो आपोआप बदलतो, साहेब."

"आपोआप? मग तुम्ही काय करता?"

साहेबांनी वाकून खाली पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि फॉर्मवर सुबक अक्षरात लिहिलं, 'वाहनास क्लच आढळून आला नाही. मालकाने बसवून घेऊन वाहन पुनश्च हजर करावे.' तीन खेटे घातले. शेवटी एका वकिलानं तोडगा काढला. मी प्रतिज्ञापत्र केलं: 'मी, रतिलाल पाटील, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, सदर वाहनास जन्मतःच क्लच नाही व तो मी काढलेला, विकलेला अथवा लपवलेला नाही.' त्यावर दोन साक्षीदार लागले. एक सही झुलालभाऊंनी केली, पण सही करतानाही त्यांचा विश्वास बसलेला नव्हता.

आता खऱ्या आजाराकडे येतो. हायवेवर भाईदास मिस्तरी होता. त्यानं गाडीखाली डोकं घातलं, बाहेर काढलं, हात पुसले आणि म्हणाला, "सर, मी ट्रॅक्टर खोलेल शे, ट्रक खोलेल शे. पन हाई खोली आनि लागनी नही, तं मी गाव सोडी जासू." तरी त्यानं एक काम केलं. इंजिनशेजारी एक लांब नळी असते, तिच्यात कडीची पट्टी असते. पट्टी ओढली की गिअरचं तेल किती आहे ते कळतं. पट्टीवर खूण होती, आणि तेल खुणेच्या दोन बोटं वर होतं.

"जास्त आहे," मी म्हणालो.

"जास्ती तं चांगलंच ना?" भाईदास म्हणाला.

नाही! पुस्तकात आकृती होती. तेल जास्त झालं की घुसळतं, ताकासारखा फेस येतो, फेसाला दाब राहत नाही, आणि चकत्यांची पकड सुटते. मी जादा तेल काढायला लावलं. गाडी शहाण्यासारखी चालायला लागली. मी घरी आलो आणि लताला म्हणालो, "बघितलंस? याला शास्त्र म्हणतात." पुढच्या सोमवारी शाळेत जाताना गाडी गर्जली आणि चौकात बसली. पट्टी ओढली. तेल खुणेच्या वर!

मी वही केली. रोज सकाळी तेल मोजायचं आणि तारीख, वार, मिलिमीटर लिहायचे. सोमवार ते शुक्रवार तेल तसूभर हलायचं नाही. रविवारी सकाळी बघावं तर वाढलेलं! शनिवारी असं काय घडतं? शनिवारी सकाळची शाळा असते, मी गाडी न नेता सायकलनं जातो. विश्रांतीनं तेल वाढतं का? उन्हानं फुगतं का? मग मंगळवारी का फुगत नाही? तेलाला वार कळतो का? हा प्रश्न मी, बी.एस्सी., बी.एड., वहीत शाईनं लिहिला आहे. ती वही अजून माझ्याकडे आहे, पण मी ती कोणाला दाखवत नाही.

झुलालभाऊंनी बातमी फोडली आणि रविवारी दर्शनाला माणसं यायला लागली. मागच्या गल्लीतल्या भिकुबाईंनी टायरला हळदकुंकू वाहिलं आणि मला विचारलं, "हाई तेल गुडघाले लावं तं चाली का?" माझं सगळं शिक्षण एका पट्टीवर उताणं पडलं होतं.

आखाजी आठ दिवसांवर आली. भाईदास म्हणाला, दोष तेलात नाही, दांड्याच्या सळईत आहे. ती सैल झालीय, आवळून बघू. त्यानं आवळली. मी अंगणात गाडी सुरू केली, दांडा 'डी'वर आणला आणि पाय दाबला. गाडी मागे गेली! मी आणखी दाबला, कारण घाबरलेला माणूस तेच करतो. गाडी रस्ता ओलांडून, गटारीच्या काठावरून धडधडत, समोरच्या भिकमचंदशेठच्या तेलाच्या दुकानाच्या पायरीशी जाऊन टेकली. डब्यांची उतरंड कोसळली. मोठा आवाज झाला.

भिकमचंदशेठ बाहेर आले. मी तोंडातल्या तोंडात माफी मागत होतो. त्यांनी हातानंच मला थांबवलं. आधी डबे पाहिले. सगळे धड होते, एकही फुटला नव्हता. पण गाडीखालून तेलाची धार लागली होती, गटारीच्या दगडानं तळाचं भांडं चेपलं होतं. शेठ वाकले. दोन बोटं धारेखाली धरली, अंगठ्यावर घासली, नाकाशी नेली, आणि मी ओरडायच्या आत जिभेला लावली.

"गुरुजी," ते म्हणाले, "यात अर्धा काय हाय ते मला माहीत नाही. पण अर्धा शेंगदाण्याचा. घाणीचा. आणि माझ्या दुकानचा."

"कसं शक्य आहे? तुमचा तर एकही डबा..."

"चाळीस वर्षं झाली धंद्याला. आपला तेल मी ओळखणार नाही? माजी दर शुक्रवारी एक बाटली जास्तीची नेतात. मी विचारलं, पाहुणे आलेत का? म्हणाल्या, शनीला लागते."

माजी म्हणजे माझी माय. मी वळलो. माय ओट्यावर जपमाळ ओढत बसली होती. तिनं माळ जरा भरभर ओढायला सुरुवात केली.

"माय! तू गाडीत तेल ओतलंस?"

"शनिवारले घरमा लोखंड आनं तू," माय म्हणाली. "शनीले तेल नको का? दर शनिवारले एक बाटली टाकस. गाडी नीट राहो, माले माहेर दखाडो."

"त्या नळीत?"

"नळी मंग कसाले ठेयेल शे? देवनी सोयच करी ठेयेल शे म्हनीसन वाटनं माले."

मी पायरीवर मटकन बसलो. दोन महिने मी, भाईदास, एक निवृत्त ड्रायव्हर आणि जपानी पुस्तक मिळून ज्या रोगाचा शोध घेत होतो, तो रोग आमच्या घरात सुतळी सोडून, नमस्कार करून, तेल घालून, सुतळी पुन्हा बांधून जात होता. मला ओरडावंसं वाटलं. पण जिनं माहेर दिसावं म्हणून तेल वाहिलं, तिच्यावर कोणत्या तोंडानं ओरडू?

त्या रात्री जेवण झाल्यावर मी तिला सगळं शास्त्र समजावून सांगितलं. चकत्या, दाब, फेस. रवी घेऊन ताकाचं उदाहरण दिलं. अठरा वर्षांत इतका एकाग्र विद्यार्थी मला लाभला नव्हता. माय पुढे सरकून बसली.

"म्हंजे कितलं तेल जास्ती व्हयनं की गाडी बसस?"

"दीडेक लिटर म्हणजे डोक्यावरून पाणी."

"लगेच बसस?"

"लगेच नाही. तापून फेस यावा लागतो. पंधरा-वीस मैल जाईल, मग बसेल."

"आनि तेल काढी टाकं की पुन्हा चांगली व्हस?"

"अगदी! शाबास, माय!" मी म्हणालो. तिच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी तकाकी आली होती. शास्त्र माणसाला किती आनंद देतं, हे मी लताला त्या रात्री दोनदा सांगितलं.

भाईदासनं सळई पुन्हा मूळ जागी लावली, भांडं ठोकून सरळ केलं, जाळी धुतली. एका ट्रकवाल्यानं मुंबईहून खरं लाल तेल आणून दिलं. एकदा भरलं, फिरवलं, काढलं, पुन्हा भरलं. गाडी लोण्यासारखी चालली. मी बॉनेटला नवी सुतळी बांधली आणि मायकडून देवासमोर शपथ घेतली की शनिवारी नळीत तेल घालणार नाही. तिनं ती आनंदानं घेतली.

आखाजीला पहाटे निघालो. मायनं हिरवं लुगडं नेसलं होतं. मांडीवर सांजोऱ्यांचा डबा आणि एक पिशवी. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, गाडी गातच होती. जळगावला उसाच्या रसाला थांबलो.

"माले नको," माय म्हणाली. "तुम्ही पिईसन या. मी बसस गाडीपाशी."

रस प्यालो, निघालो. नेरी मागे पडली आणि इंजिन गर्जलं. पाय दाबला, आवाज वाढला, गाडी हळू झाली. आणखी दाबला, आणखी हळू. पहूर कोसभर राहिलं असताना एका कडुनिंबाखाली गाडी थांबली. मी डोकं स्टिअरिंगवर टेकलं. बावीस वर्षं, आणि एक कोस! मला खरोखर रडू येत होतं.

"माय, एस.टी. येईल आता, तिला हात करतो."

"एस.टी.मा मी जावाव नही," माय म्हणाली. आवाज मुळीच रडवेला नव्हता. तिनं पहूरकडे जाणाऱ्या एका सायकलवाल्याला हाक मारली. "सुपडू पाटीलले सांगजो, तुनी बहीण रस्तावर बशेल शे."

लता म्हणाली, मामा येणार नाहीत. मलाही तेच वाटत होतं. आम्ही निंबाखाली बसलो. माय पुढच्या सीटवरून उतरली नाही. रस्त्याकडे बघत तिनं दोनदा पदर नीट केला.

तासाभरानं धूळ दिसली. धुळीत बैलजोडी, आणि जोडीच्या मागे पांढरं धोतर नेसलेला, काठी टेकत भरभर चालणारा म्हातारा. सुपडूमामा! गडी नाही, मुलगा नाही, स्वतः. तो गाडीजवळ आला आणि खिडकीशी उभा राहिला.

"काहून अक्का, इथी काहून बसली?"

"गाडी बसनी."

"मंग मी आलो ना घ्यायले. चाल."

"एक कोस येवाले तुले बावीस वरीस लागनात, सुपडू."

मामानं उपरणं डोळ्यांना लावलं आणि खिडकीतून तिचा हात धरला. मग दोघंही रडली, लताही रडली, आणि मी बैलांचा नाडा बंपरला बांधायच्या निमित्तानं खाली वाकलो.

अशा रीतीनं माझी जपानी गाडी, दांडा 'एन'वर, दोन खिलारी बैलांच्या मागून पहूरला शिरली. बायका दारात आल्या. "मंजुळाअक्काले सुपडू पाटील सोता घ्यायले गेले!" हे वाक्य घराघरातून पुढे जात होतं. गाडीकडे कोणाचंही लक्ष नव्हतं. रुबाबात उतरवायचं माझं स्वप्न होतं, आणि माय उतरली ती खरोखर रुबाबात, भावाचा हात धरून. मला कोणी ओळखलं नाही. एकानं मला बैलांना पाणी पाजायला सांगितलं.

दुपारी पुरणपोळी झाली. मामाच्या अंगणातल्या निंबाला झोका बांधला होता आणि पोरीबाळींनी मायला त्यावर बसवलं होतं. मी तेवढ्यात गाडीशी गेलो. सुतळी पाहिली. गाठ माझी नव्हती. पट्टी ओढली. तेल खुणेच्या कितीतरी वर. बोटाला तेल घेतलं आणि जिभेला लावलं.

शेंगदाणा. घाणीचा.

सीटखाली मायची पिशवी होती. तिच्यात दोन रिकाम्या बाटल्या.

मी तसाच झोक्यापाशी गेलो. "माय... तू... शपथ घेतली होतीस!"

"शनिवारनी घेतेल व्हती," माय म्हणाली. "आज कोठे शनिवार शे?"

"किती ओतलंस?"

"तूच सांगेल व्हतं ना, दीड लिटर. तेवढंच टाकं. थेंबभर जास्ती नही." मग तिनं दोन्ही हातांनी दोर घट्ट धरले आणि पाय उचलले. "उभा काय राह्यना? झोका दे."